बिरादारांचं टेबल

बिरादारांच्या डाव्या कानावर पेन्सिल असायची. उजवा कान मोकळा ठेवलेला असे, कारण तो कामाचा. स्टॅबिलायझर टेबलावर आला की ते आधी बोटाच्या पेरानं त्याच्या पत्र्यावर दोनदा ठोकत, मग वायर लावत आणि उजवा कान पत्र्याला टेकवून डोळे मिटत. आत गुणगुण ऐकू आली की म्हणत, "जित्ता हाय." नाही आली तर म्हणत, "झोपलाय." तिसरा शब्द मी त्यांच्या तोंडून बावीस वर्षांत ऐकला नाही. त्यांची नोकरी एकोणतीस वर्षांची, माझी त्यातली बावीस. आधीच्या सातांबद्दल मी खात्री देत नाही.

आमची कंपनी स्टॅबिलायझर बनवते. वीज कमीजास्त झाली तर फ्रीज जळू नये म्हणून त्याच्याशेजारी जो पत्र्याचा डबा ठेवतात, तो. हल्लीचे हलके असतात आणि भिंतीवर टांगतात. पूर्वीचा डबा बारा किलोंचा, जमिनीवर ठेवायचा. कारखाना केव्हाच गावाबाहेर गेला, पण हैदराबादेत आबिड्सच्या मागच्या गल्लीतलं जुनं ऑफिस आणि गोडाऊन राहिलं. तिथं मी मालाच्या नोंदी ठेवतो आणि तिथंच, फाटकाच्या आत डाव्या हाताला, बिरादारांचं दुरुस्तीचं टेबल होतं.

बिरादार मूळ उदगीरकडचे. वडील हैदराबादला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत निम्मी दखनी आणि चवीपुरती तेलुगू असे. मला "मोरेसाब" म्हणत. जेवताना डबा उघडला की आधी माझ्या डब्यात डोकावून "आज काय दुरुस्त केलंय वहिनींनी?" असं विचारत, कारण आमच्याकडे आदल्या दिवशीच्या भातापासून काहीतरी होतं हे त्यांना माहीत होतं.

त्यांच्या रजिस्टरला तीन रकाने होते. 'आला', 'गेला' आणि 'बोलला'. तिसऱ्यात यंत्र काय म्हणत होतं ते लिहीत: 'कुरकुर', 'मुका', 'जास्त बोलतो', 'रात्री रडतो (बाईंचं म्हणणं)'. एकदा नवा विक्री प्रतिनिधी दुरुस्तीला आलेल्या डब्यावर बूड टेकून फोनवर बोलत होता. बिरादारांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "त्याच्यावर बसू नका. ते करंट सांभाळायला हाय, तुमाला न्हाई." प्रतिनिधी म्हणाला, "बंद पडलाय ना तो?" बिरादार म्हणाले, "तुम्ही झोपता तेव्हा तुमच्यावर कोण बसतं का?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग सरकारचं धोरण आलं.

धोरण चांगलं होतं, हे मी आधीच सांगतो. ज्यानं विजेची वस्तू बनवली, त्यानंच ती निकामी झाल्यावर तिची विल्हेवाट लावायची. दरवर्षी ठरलेलं वजन गोळा करून, नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडे पाठवून, सरकारच्या पोर्टलवर दाखवायचं. इतर कंपन्या केंद्रांकडून तयार प्रमाणपत्रं घेऊन मोकळ्या झाल्या. पण आमच्या मालकांनी एका समारंभात, स्टेजवर, सरकारशी भागीदारीच्या करारावर सही केली होती की आम्ही आमचा माल आमच्याच हातानं परत आणू. फोटो छापून आला. फोटो आल्यावर माघार घेता येत नाही.

आमच्या वाट्याला नऊ हजार किलो आले. ते आणायला पुण्याहून अमेय नावाचा तरुण अधिकारी नेमला. पद सस्टेनेबिलिटी हेडचं. मुलगा हुशार आणि मनानं चांगला. फक्त हैदराबाद त्याला अगदी नवं होतं.

पहिल्याच दिवशी अमेयनं फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं. वस्तू, वापर, कचरा, कच्चा माल, पुन्हा वस्तू. "ही चक्राकार अर्थव्यवस्था," तो म्हणाला. बिरादार उठून फळ्यापाशी गेले.

"ह्यात माझं टेबल कुठं हाय?"

अमेयनं 'वापर' या शब्दाला चिकटून एक छोटं वर्तुळ काढलं. "इथे, काका. पण बेसिकली हे छोटं वर्तुळ टार्गेटमध्ये धरत नाहीत."

"काइकू?"

"कारण तुम्ही दुरुस्त केलं की वस्तू कचऱ्यात येतच नाही."

"मग ते चांगलं का वाईट?"

अमेयनं माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहिलं. प्रश्न बरोबर होता.

जानेवारीअखेर आम्ही चारशे बारा किलो गोळा केले होते. त्यातले सदतीस किलो म्हणजे एक लोखंडी कपाट. ते विजेवर चालत नव्हतं, म्हणून मी ते वजा केलं. उरले तीनशे पंचाहत्तर, त्यात आमचा एकही डबा नाही. अमेय म्हणाला, "मोरेसर, कपाट राहू द्या ना." मी म्हटलं, "त्याला प्लग नाही."

कारण उघड होतं. आमचा माल मरत नव्हता. लोक बंद पडलेला डबा फाटकातून आत आणत, आणि वजनकाट्याकडे वळायच्या आधी डाव्या हाताला बिरादार बसलेले असत. तिसऱ्या दिवशी डबा गुणगुणत परत जाई. मागच्या वर्षभराची रजिस्टरं मी काढली. आठशे एकाहत्तर डबे आले, आठशे एकाहत्तर गेले. बारा किलोंच्या हिशेबानं दहा हजार चारशे बावन्न किलो. म्हणजे आमचं सगळं टार्गेट, वर चौदाशे बावन्न किलो, हा एक माणूस कानानं अडवत होता.

अमेयनं त्यांना समजावून सांगितलं, अगदी नम्रपणे. "काका, मार्चपर्यंत दुरुस्ती थांबवू या. टार्गेट नाही झालं तर मालक हे टेबलच काढणार आहेत. मला तसं स्पष्ट सांगितलंय."

बिरादारांनी पेन्सिल कानावरून काढली, बघितली, परत ठेवली. "टेबलाचं वजन किती भरंल मोरेसाब?"

"चौसष्ट किलो," मी म्हटलं. मी आधीच केलं होतं. "पण त्यालाही प्लग नाही."

"तवा ते काढूनबी तुमाला काय मिळणार न्हाई," बिरादार अमेयला म्हणाले. आणि पुढं म्हणाले, "मी जूनमदी रिटायर. माझं काय न्हाई. पन मागनं कुनीतरी बसाया पायजे हितं. न्हाईतर लोक कुठं जातील?" एवढ्या वर्षांत त्यांनी कंपनीकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

दुरुस्ती काही थांबली नाही. अमेयनं मग लोकांपर्यंत जायचं ठरवलं. पहिली भागीदारी जामबागेतल्या एका शाळेशी झाली. मुलांनी घरातला निकामी विजेचा माल आणायचा आणि शपथ घ्यायची. शपथ तीन भाषांत झाली. मालात चौतीस टीव्हीचे रिमोट, एक मिक्सर, हेडमास्तरांच्याच ऑफिसातला टेबलफॅन. बिरादार एका बाकावर बसून एकेक तपासत होते. "जित्तं हाय. घरी ने. जित्तं हाय. हे तर आज सकाळी चाललंय, अजून गरम हाय." संध्याकाळपर्यंत पालक रांगेत उभे होते, कारण मॅच सुरू होणार होती. वजन: शून्य किलो. फॅन हेडमास्तरांनी परत नेला.

त्यानंतर बंगारमचा प्रकार झाला.

हे समजायला एक गोष्ट माहीत असावी लागते. तेलुगूत बंगारम म्हणजे सोनं. त्यामुळे इथली आम्ही मराठी माणसं 'भंगार' हा शब्द चारचौघांत उच्चारतच नाही. 'पुराना सामान' म्हणतो, नाहीतर नुसता हात दाखवतो. माझी आई नव्यानं लग्न होऊन चिक्कडपल्लीत आली तेव्हा शेजारणीला म्हणाली होती की, "आमच्या घरात माळ्यावर नुसतं भंगार भरलंय." पुढं महिनाभर शेजारीण आईशी फार अदबीनं वागत होती. हे इथल्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी झालेलं असतं. अमेय पुण्याचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं आम्हाला विचारलं नव्हतं.

त्यानं लाउडस्पीकरवाल्याला फोनवरून हिंदीत मजकूर सांगितला. भंगार हा शब्द त्यानं तसाच ठेवला. लाउडस्पीकरवाल्यानं त्याचं मन लावून तेलुगू केलं, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता चिक्कडपल्लीतून ऑटो फिरू लागली. मी तेव्हा घरातून निघतच होतो.

"मी पात बंगारम माकु इव्वंडि!"

म्हणजे: तुमचं जुनं सोनं आम्हाला द्या. पुढं असं होतं की घरात सोनं ठेवणं तुमच्या मुलांच्या तब्येतीला आणि पर्यावरणाला घातक आहे. ताबडतोब आणून द्या. बदल्यात सरकारमान्य प्रमाणपत्र मिळेल. शेवटी आमचा पत्ता.

मी ऑफिसला पोचलो तेव्हा फाटकाशी साठेक माणसं होती. निम्मी भाव विचारायला आलेली, निम्मी भांडायला. एक बाई पर्स छातीशी धरून विचारत होती, सोन्यानं तब्येतीला नेमकं काय होतं? अमेय आत पाणी पीत होता. बाहेर बिरादार एकटे.

तेवढ्यात कॉन्स्टेबल आला. "क्या चच्चा, पब्लिक का सोना लेके कागज देरे बोलके कंप्लेंट आई."

"सोना नै साब," बिरादार म्हणाले. "भंगार."

"वहीच तो बोलरौं मैं. बंगारम."

"बंगारम नै. भंगार. भं. भं."

"अब मेरे कू तेलुगू सिखाते क्या?"

शेवटी बिरादार आत गेले, एक बारा किलोंचा डबा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि कॉन्स्टेबलच्या पुढ्यात ठेवला. "ये देखो साब. ये है हमारा बंगारम."

कॉन्स्टेबलनं डब्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. "अरे. ये मेरे घर में बी है. तीन महिने से बंद पड़ा."

"ले आओ," बिरादार म्हणाले. "सोया होंगा."

बातमी तशीच पसरली. एवढ्या लांब आलोच आहोत तर, असं म्हणून लोक घरी गेले आणि डबे घेऊन परत आले. आठवड्यात एकशे बारा. अमेयला वाटलं, जमलं. मी वजनकाटा पुसून ठेवला. पण एकही माणूस डबा द्यायला आला नव्हता. सगळे दुरुस्तीला आले होते.

मार्चच्या सुरुवातीला सरकारी मंडळाच्या मॅडम पाहणीला येणार असं कळलं. अमेयनं बिरादारांना मागच्या खोलीत बसवलं आणि टेबल हिरव्या कापडानं झाकलं. कापडावर कुंड्या मांडल्या. त्या मी मोजल्या नाहीत, कारण मला लाज वाटत होती.

मॅडम तेलुगू, पन्नाशीच्या, पायात चपला, हातात स्वतःची पाण्याची बाटली. अमेयचं वर्तुळ त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कुंड्यांकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "ये झाड़ गा क्यों रहे हैं?"

कापडाखाली तीन डबे चाचणीला लावलेले होते. बिरादारांनी ते बंद केले नव्हते. मला नंतर म्हणाले, "इसरलो." मी त्यांना बावीस वर्षं ओळखतो. ते असलं काही विसरत नाहीत.

मॅडमनी कापड उचललं, बिरादारांना बोलावून घेतलं, रजिस्टरं मागवली. 'बोलला' हा रकाना त्यांना मी वाचून दाखवला. 'रात्री रडतो' पाशी त्या हसल्या. मग अमेयला म्हणाल्या, "दुरुस्तीचा रकाना पोर्टलवर आहे. माल दुरुस्त करून त्याचं आयुष्य वाढवलं तर तेवढी जबाबदारी पुढच्या वर्षांवर जाते. नियमातच आहे. तुम्ही वाचलं नाहीत?"

अमेयनं नियम वाचले होते. चाळीसाव्या पानापर्यंत.

"फक्त," मॅडम म्हणाल्या, "आयुष्य किती वर्षांनी वाढलं, ते लिहावं लागेल."

आता टेबल राहणार की जाणार, ते या एका आकड्यावर आलं. आकडा म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले. मी दोन दिवस बसून, जे डबे दुरुस्तीनंतर पुन्हा आले होते त्यांच्यामधलं अंतर काढलं आणि सरासरी केली. सहा वर्षं चार महिने. मला माझा आकडा आवडला. बिरादारांना दाखवला.

त्यांनी पेन्सिल एकेका ओळीवरून फिरवली. "मोरेसाब, हे तर परत आजारी पडलेले. जे परत आलेच न्हाईत, त्यांचं काय? ते मेले का मजेत हायत?"

इतकी वर्षं आकड्यांत घालवून मी फक्त दवाखान्यात परत आलेले धरले होते.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग जाऊन बघा. शंभर घरं पुरेत."

आणि म्हणून, सरकारी धोरणानुसार, बिरादारांना कंपनीची गाडी मिळाली आणि व्हिजिटिंग कार्डं छापली गेली. शंभर पत्ते घेऊन आम्ही दोघं तीन आठवडे फिरलो. दार उघडलं की बिरादार कार्ड पुढं करत आणि विचारत, "आमचा डबा जित्ता हाय का?" लोक कार्ड वाचत नसत. लाउडस्पीकर सगळ्यांच्या लक्षात होता. आतून हाक जाई, "बंगारमवाले आले!" मग बिरादार फ्रीजशेजारी उकिडवे बसत, कान लावत, डोळे मिटत. मी वहीत लिहीत असे.

नव्व्याण्णव घरं झाली. एक्याऐंशी जिवंत. अकरा डब्यांचा पत्ता नाही. सात घरांतली माणसंच दुसरीकडे गेलेली. जिवंत असलेल्यांची दुरुस्तीनंतरची सरासरी नऊ वर्षं दोन महिने.

"तुमचा आकडा तीन वर्षांनी चुकला," बिरादार म्हणाले.

"दोन वर्षं दहा महिन्यांनी," मी म्हटलं.

शंभरावं घर माझ्याच गल्लीच्या टोकाला, चिक्कडपल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथं कुलूप होतं. म्हातारी बाई मुलाकडे विजयवाड्याला गेली होती. एकतीस मार्चला आम्ही नव्व्याण्णव ओळी पोर्टलवर चढवल्या. शंभराव्या ओळीपुढं 'प्रलंबित' आलं, पण बाकीचं मंजूर झालं. मालकांचा पुन्हा फोटो आला. टेबल राहिलं. अमेयनं फळ्यावरचं छोटं वर्तुळ पुसून चांगलं ठळक काढलं आणि एप्रिलमध्ये आयटीआय झालेल्या सरिता नावाच्या मुलीला टेबलावर नेमलं. बिरादारांनी तिला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं की पेन्सिल डाव्या कानावर ठेवायची.

जूनच्या तीस तारखेला ते रिटायर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घराखाली उभे. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल. चारच्या बसनं ते मुलीकडे उदगीरला जायचे होते, कायमचे.

"चला. शंभरावं राहिलंय."

"आता काय गरज? सगळं मंजूर झालंय."

"यादीत हाय ना?"

मी चपला घातल्या. यादीत होतं.

या वेळी दार उघडं होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या. आमचा डबा स्वयंपाकघराच्या दारात होता. आजी त्याच्यावर बसून विळीवर दोडका चिरत होत्या.

मी बिरादारांकडे पाहिलं. त्यांनी आजींना हात देऊन उठवलं, वायर लावली, पत्र्यावर दोनदा ठोकलं, कान टेकवला. बराच वेळ. मी माझ्या घड्याळात पाहिलं, दोन मिनिटं. मग त्यांनी झाकण उघडलं. आत कॉइल नव्हती. कुणीतरी कधीच काढून नेली होती. रिकामा डबा.

कॉइल गेली तरी पत्रा आणि चौकट होती. आमच्या नोंदीत खरोखर निकामी झालेला हा पहिलाच डबा. पाच-सहा किलो भरला असता.

"तीसुकुपोतारा?" आजींनी घाबरून विचारलं. घेऊन जाणार का? मग आम्हाला कळलं नसेल असं वाटून हिंदीत, "मत लेके जाओ बाबू. मेरे कू जमीन पे बैठना नै आता. ये इच है मेरा."

बिरादारांनी झाकण लावलं. डबा हलवून पाहिला. एका कोपऱ्यात डुगडुगत होता. त्यांनी खिशातून रबरी बूच काढलं, चौथ्या पायाला बसवलं, पुन्हा हलवलं. हलला नाही. मग आजींना हात धरून त्याच्यावर बसवलं. ज्यानं विक्री प्रतिनिधीला उठवलं होतं, त्याच माणसानं.

"लिवा," मला म्हणाले. "दुरुस्त."

"आणि आयुष्य?"

"आजीयेवढं."

"पोर्टल आकडा मागतं."

"मग राहू द्या प्रलंबित."

ती ओळ अजून प्रलंबित आहे. दर महिन्याच्या एक तारखेला पोर्टलवरून आठवण येते की आयुष्य भरा. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, वर बघून, दोडक्याच्या साली खिडकीत दिसल्या की परत येतो. माझ्या नोकरीतली ही एकच रिकामी जागा.

आजींनी आम्हाला ताक दिलं. निघताना बिरादारांच्या गालावरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाल्या. तेलुगूत लाडक्या माणसालाही 'बंगारम'च म्हणतात, हे बिरादारांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी जिन्यात, पहिल्या वळणावर, ते थांबले. पेन्सिल कानावरून काढली. रिटायर होऊन त्यांना एक दिवस झाला होता.

"मोरेसाब, ती मला काय म्हनली? बंगारम का भंगार?"

"तेलुगूत म्हणाली," मी म्हटलं.

"हौ?"

"हौ."

त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली, उतरता उतरता जिन्याच्या कठड्यावर पेरानं दोनदा ठोकलं, आणि बस पकडायला गेले.